टाच टेकली नाही

हेमाली भोईर या मुलीचं पत्र यादवरावांना श्रावणात आलं होतं. दसरा तोंडावर आला तरी त्यांनी त्याला उत्तर दिलेलं नव्हतं. पत्रांच्या बाबतीत आळशी माणूस असता तर एक वेळ समजलं असतं. पण यादव रोकड्यांची सगळी नोकरी शाळेच्या ग्रंथालयात गेलेली. लग्नाला जाणं जमलं नाही तर पत्रिकेलासुद्धा पोस्टकार्डाने उत्तर पाठवणारे ते. या एकाच पत्रापुढे त्यांचं पेन अडलं.

पत्र वहीच्या फाडलेल्या पानावर लिहिलं होतं.

'सरांना नमस्कार. "किक"मधला तुमचा लेख वाचला. मी वाड्याच्या रस्त्याने रोज भिवंडीला गोडाऊनच्या ड्युटीला येते. बाबांची जुनी गजराज मोटरसायकल चालवते. ती खड्ड्यांत खालून घासते आणि माझ्या पाठीचे हाल होतात, म्हणून मी नवी रानवाट बुक केली आहे. दसऱ्याला मिळेल. तुम्ही लिहिलंय की तिला तोल नाही. माझी उंची पाच फूट एक इंच आहे, म्हणून विचारते. तुमचा तोल कुठे गेला? वेगात, वळणावर, की उभं राहताना? तुम्ही स्वतः चालवलीय म्हणून तुम्हाला विचारते. बाकीचे न चालवताच बोलतात.'

उत्तर द्यायला दोन शब्द पुरले असते. उभं राहताना. पण ते दोन शब्द लिहायचे तर त्यांच्यामागून सगळी हकिगत लिहावी लागणार होती, आणि ती हकिगत यादवरावांनी बायकोलासुद्धा सांगितलेली नव्हती.

यादवराव मुलखाचे बुजरे. वर्गात बोलायची वेळ आली तर त्यांचा आवाज चौथ्या बाकाच्या पुढे जायचा नाही. अशा माणसाने तरुणपणी गजराज घेतली याचं भिवंडीच्या कामतघर भागात सगळ्यांना नवल वाटलं होतं. गजराज म्हणजे बुटकी, लांबलचक, जडशीळ गाडी. आरामखुर्चीत बसल्यासारखं बसायचं, पाय पुढे सोडायचे आणि धडधड करत संथ निघायचं. पॉवरलूमच्या खटखटीतूनही तिचा आवाज वेगळा ओळखू यायचा. यादवरावांना जे बोलता येत नसे ते जणू गाडी बोलायची. गल्लीत शिरले की लोक आपोआप बाजूला व्हायचे, आणि यादवराव मनातल्या मनात माफी मागत पुढे जायचे.

पुढे भिवंडीत गजराजवाल्यांचं मंडळ निघालं. रविवारी सकाळी टेमघरच्या रस्त्याला एका चहाच्या टपरीवर सगळे जमत. वाचणारा माणूस म्हणून मंडळाचं पत्रक काढायचं काम यादवरावांच्या गळ्यात पडलं. चार पानांचं, झेरॉक्स काढलेलं 'किक' ते दर तीन महिन्यांनी काढायचे. त्याला त्यांनी दोन नियम लावून दिले होते. मत द्यायचं तर हाताने लिहून, सही करून पोस्टाने पाठवायचं. मोबाइलवरचं ढकललेलं काही छापायचं नाही. दुसरा नियम पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात असायचा: 'बसल्याशिवाय बोलायचं नाही.' ज्या गाडीवर बसला नाहीत तिच्याबद्दल तोंड उघडायचं नाही.

मंडळाची आणखी एक रीत होती, ती मात्र कुठे लिहिलेली नव्हती. गजराज थांबवताना दोन्ही पाय एकदम खाली टाकायचे. दोन्ही टाचा टेकल्याचा धप्प आवाज आला पाहिजे. इतर गाड्यांची पोरं सिग्नलला एक पाय टेकून तिरकी उभी राहत, त्याला मंडळात 'लंगडी' म्हणत. नवा मेंबर चुकून एका पायावर थांबला तर टपरीवर कुणीतरी ओरडायचंच, "अरे, लंगडी आली रे! चहा कुणाकडून?" आणि त्याने सगळ्यांना चहा पाजायचा.

हेमालीचं पत्र आलं त्या वर्षी उन्हाळ्यात गजराज कंपनीने रानवाट बाजारात आणली आणि टपरीवर वाद पेटला.

रानवाट गजराजच्या कुळातली वाटतच नव्हती. उंच, सडपातळ, पुढचं चाक मोठं, मडगार्ड पक्ष्याच्या चोचीसारखं. डोंगर, नदी, दगडधोंडे असं सगळं पार करणारी, असं जाहिरातीत म्हटलं होतं.

"हत्ती विकणाऱ्यांनी उंट काढला," भूपेश म्हणाला. त्याचं लूमच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि बोलण्यात त्याला कुणी हरवू शकत नसे. तेव्हापासून मंडळात त्या गाडीचं नाव उंटच पडलं.

मंडळाचा अध्यक्ष ओमकार चिडलाच होता. "गजराज म्हणजे राजाची सवारी रे. शांतीत बसायचं, रुबाबात जायचं. ही काय सर्कस? गुडघे वर, कोपरं बाहेर. कोंबडा आरवायला बसलाय असं दिसतं."

"आवाज पण ऐक ना तिचा. शिलाई मशीन!"

"कंपनीला काय, पोरांना काय पाहिजे ते विकायचं. आपण म्हातारे झालो त्यांच्या लेखी."

"तू झालास. माझं नाव नको घेऊ."

पडघ्याकडच्या एका गावचा लडकू तेवढा गप्प बसला होता. भाजीचा माल घेऊन यायचा, तोही जुन्या गजराजवरच. बशीतला चहा संपवून तो म्हणाला, "तुमचा राजा हायवेला. आमच्या गावच्या रस्त्यानं राजाला आना, पालखीसकट उलटंल. मला तं ती उंचच बरी दिसते. खालून दगूड तरी घासत न्हाय."

"तू बसलास का तिच्यावर?" ओमकारने विचारलं.

"न्हाय. तुम्ही बसले?"

कुणीच बसलेलं नव्हतं. टपरीवाला हसला. सगळ्यांनी यादवरावांकडे पाहिलं.

"सर, नियम तुमचा," भूपेश म्हणाला. "तुम्हीच बसा आणि तुम्हीच लिहा. तुम्ही लिहिलं की विषय संपला."

यादवराव हो म्हणाले. नाही म्हणायला त्यांना नेहमीच जास्त धीर लागायचा.

हायवेलगतच्या शोरूममध्ये विकी नावाचा सेल्समन होता. कामतघरातलाच, लग्न झालेला, दोन मुलींचा बाप. यादवरावांना तो काका म्हणायचा. त्याने टेस्ट राइडची रानवाट बाहेर काढली आणि सीटवर हात मारून म्हणाला, "काका, एक लक्षात ठेवा. थांबताना दोन्ही पाय पुरणार नाहीत. बूड जरासं डावीकडे सरकवायचं आणि एकच पाय टेकायचा. डावा. उजवा ब्रेकवर."

"हो, हो," यादवराव म्हणाले. मनात म्हणाले, तू शाळेतसुद्धा गेला नव्हतास तेव्हापासून मी गजराज चालवतोय. असले उर्मट विचार त्यांच्या मनात क्वचित यायचे. त्या दिवशी आला, आणि तोही नेमका हेल्मेट घालताना.

गोडाऊनच्या मागच्या रस्त्याला त्यांनी गाडी घातली. तो रस्ता म्हणजे कंटेनरांनी नांगरलेलं शेत. गजराजवर इथून जाताना यादवरावांचा जीव खालच्या पत्र्यात असायचा. पण ही गाडी खड्ड्यात उतरली आणि वर आली, आणि यादवरावांना फक्त एक हलका झोका लागला. दुसरा खड्डा, तिसरा. मग ते खड्डे चुकवायचेच थांबले. उंचावरून ट्रकच्या पलीकडचा रस्ता दिसत होता. पाठ दुखत नव्हती. या वयात आपल्याला हसू फुटतंय आणि तेही हेल्मेटच्या आत, याची त्यांना जरा लाजच वाटली, पण हसू काही थांबेना.

तेवढ्यात एका गोडाऊनच्या फाटकातून एक ट्रेलर मागे मागे येत रस्त्यावर आला. यादवरावांनी ब्रेक मारला. गाडी झकास थांबली, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने त्यांचे दोन्ही पाय एकदम खाली गेले.

खाली जमीन नव्हती. म्हणजे होती, पण दोन्हीकडे नुसता चवडा टेकत होता आणि टाचेखाली चार बोटं जागा उरत होती. टाच जमीन शोधत राहिली आणि गाडी एका बाजूला कलली. यादवराव तिला धरून राहिले. गाडी आदळली नाही, सावकाश निजली, आणि तिच्याबरोबर तेही निजले.

माल उतरवणारे दोघं-तिघं धावत आले. "अरे चाचा, लगी तो नहीं?" एकाने त्यांना काखेत धरून उभं केलं. दुसऱ्याने गाडी उचलली आणि त्यांच्याकडे एकदा वर-खाली पाहून म्हणाला, "चाचा, अपने साइज की लेनी थी ना!" ते हसले. त्यात वाईट काहीच नव्हतं. यादवरावांनी त्यांचे आभार मानले, तेही इतक्या हळू की कुणाला ऐकू गेले नाहीत.

लेगगार्डवर एक ओरखडा उठला होता. विकीने तो पाहिला, यादवरावांच्या गुडघ्यावरची माती पाहिली आणि फडक्याने लेगगार्ड पुसत म्हणाला, "होतं काका. चहा घेणार?"

यादवराव चहा न घेता घरी आले.

रात्री लेख लिहायला बसले तेव्हा पहिलं वाक्य त्यांनी खरं लिहिलं होतं: 'थांबताना माझा तोल गेला, कारण सांगूनही मी दोन्ही पाय टेकायला गेलो.' मग त्यांना टपरी दिसली. भूपेश दिसला. लंगडी आली रे. त्यांनी 'कारण'पासून पुढचं खोडलं. मग वाटलं, 'थांबताना' लिहिलं की लोक विचारणार कुठे थांबलात, कसे थांबलात. ते खोडलं. उरलं, 'माझा तोल गेला.' हे तर सगळ्यांत वाईट दिसत होतं. शेवटी स्वच्छ कागदावर त्यांनी लिहिलं: 'या गाडीला तोल नाही. आपल्या कुळाची चाल सोडून कंपनीने परक्या वाटेला पाऊल टाकलं, आणि ते पाऊल जमिनीला लागलेलं नाही.' आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तकं वाचून कमावलेली भाषा त्यांनी एका पडण्यावर पांघरूण घालायला वापरली. वाक्य चांगलं झालं होतं. तेच त्यांना पुढे जास्त बोचत राहिलं.

खड्ड्यांतला तो झोका, ते हसू, यातलं काही त्यांनी लिहिलं नाही.

'किक' निघालं आणि टपरीवर टाळ्या पडल्या. ओमकारने लेखाचा फोटो काढून गावभर पाठवला. "सरांनी एका ओळीत उंटाला लोळवला," असं भूपेश येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागला. लडकूने अंक घडी करून खिशात घातला आणि म्हणाला, "सर बसलेत ना, मग खरं असंल." त्याने नवी गाडी घ्यायचा विषय सोडून दिला. यादवराव चहात बघत राहिले.

आणि मग श्रावणात हेमालीचं पत्र आलं.

दसऱ्याला मंडळाची रीत म्हणजे वऱ्हाळा तलावाशेजारी गाड्या धुऊन, झेंडूचे हार घालून ओळीने लावायच्या आणि पूजा करायची. त्या सकाळी ओळीच्या टोकाला एक जुनी, पत्रा ठोकून सरळ केलेली गजराज येऊन थांबली. चालवणारी मुलगी होती. दोन्ही टाचा टेकल्या, धप्प आवाज आला. मागे पांढरी टोपी घातलेले वडील. ते आधी उतरले आणि मग मुलगी उतरली, कमरेवर हात दाबून, एका बाजूने, एखाद्या म्हाताऱ्या बाईसारखी.

"रोकडे सर तुम्हीच न्हाय का?" वडिलांनी हात जोडले. "मी नामा भोईर. ही माझी पोर, हेमाली. तुमच्या लेखावर लई इश्वास हिचा. उंच गाडी बुक केलती, आज मिळायची व्हती. केली रद्द."

यादवरावांच्या हातातला हार तसाच राहिला.

"रद्द केली?"

"मागच्या आठवड्यात," हेमाली म्हणाली. "सर, मी पत्र पाठवलं होतं तुम्हाला. श्रावणात."

"पत्र..." यादवराव म्हणाले.

"नाही, राहू दे सर." तीच घाईघाईने बोलू लागली. "पाठवल्यावर मलाच वाटलं, चुकलं. माझं लिहिणं काही बरोबर नाही. तोल कुठे गेला, वेगात का, वळणावर का, असं मोठ्या माणसाला विचारतात का? शेजारची वैशाली म्हणाली पण, अगं ही चौकशी झाली, सरांना राग आला असेल. म्हणून उत्तर नसेल दिलं. मी परत माफीचं लिहिणार होते, पण म्हटलं त्यातही काहीतरी चुकेल."

यादवराव तिच्याकडे बघत राहिले. आपलं काहीतरी चुकलं असेल म्हणून समोरचा गप्प आहे, असं समजून रात्रभर आपलीच वाक्यं उलटीपालटी करणं हा त्यांचा स्वतःचा आजार. तो त्यांनी या मुलीला लावला होता. सांगावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात भूपेश पेढ्यांचा बॉक्स घेऊन आला.

"काय सर, नवीन मेंबर? ये ताई, ये! उंट सोडून हत्तीकडे आलीस, शाबास. सरांनी वाचवलं बघ तुला!"

सगळे हसले. नामाही हसला. हेमालीने पेढा घेतला आणि यादवरावांकडे आशेने पाहिलं.

"पत्र मिळालं का ते... कागदांत बघावं लागेल," यादवराव म्हणाले.

"हो सर. बघा सवडीने." ती हसली. "आता तसं काही अडलं नाही म्हणा."

निघताना तिने पुन्हा कमरेला हात लावला. गजराज सुरू झाली आणि तलावाच्या कडेच्या पहिल्याच खड्ड्यात खालून घासली. तो आवाज मंडळातल्या प्रत्येकाला ओळखीचा होता.

घरी बकुळाबाईंनी सोनं वाटायची आपट्याची पानं परातीत काढून ठेवली होती. यादवराव आल्या आल्या खुर्चीत बसले.

"अहो, काय झालं? कुणी काही बोललं का?"

"मीच काही बोललो नाही."

"त्यात नवीन काय?"

मग त्यांनी सांगितलं. ट्रेलर, ती जमीन, माल उतरवणारे, लेख, पत्र, पेढा. इतकं सलग ते बकुळाबाईंशी कित्येक वर्षांत बोलले नव्हते. बकुळाबाई पानं निवडत ऐकत होत्या.

"म्हणजे पडलात," त्या म्हणाल्या.

"हो."

"मग पडलात तर पडलात. मी नाही रिक्षातून पडले होते कल्याण नाक्याला? सगळ्या चाळीला सांगितलं. आठवडाभर ज्याच्या त्याच्या घरी चहा मिळाला."

"तुझी गोष्ट वेगळी."

"का? माझ्या गुडघ्याला हाड नव्हतं?" त्यांनी परात बाजूला सारली. "मला पडण्याचं काही वाटत नाही. पण त्या लेकराची पाठ तुमच्या लाजेपायी मोडतेय. आणि वर ती म्हणते, माझंच लिहिणं चुकलं. हे तुम्हाला झोपू देतं?"

"नाही," यादवराव म्हणाले. ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी ते शोरूममध्ये गेले. विकी एका गिऱ्हाइकाला कागद दाखवत होता. यादवराव कोपऱ्यातल्या बाकावर बसून राहिले. गिऱ्हाईक गेल्यावर विकी आला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, पण पूर्वीसारखं 'चहा घेणार?' हेही नव्हतं.

"बोला काका."

"विकी, तू कुणालाच सांगितलं नाहीस. मी पडलो ते."

"मी कशाला सांगू?"

"माझ्या लेखाने तुझं नुकसान झालं असेल."

विकीने हातातले कागद टेबलावर ठेवले. "लेख दाखवून लोक मला समजावतात काका. तोल नाही म्हणतात. मी म्हणतो बरं." मग तो हसला, पण जरा कडवटच. "तुम्हाला एक सांगू? तुमच्या मंडळातले तुम्ही एकटे नाही. तुमच्या नंतर एकेक जण गुपचूप येऊन गेलाय. कामाच्या दिवशी, दुपारी. तिघं तसेच पडले. दोन पाय, धप्प. एक जण तर इथेच, फाटकात. प्रत्येक जण म्हणतो, कुणाला बोलू नको. नावं नाही सांगणार. तुमचंही नाही सांगितलं."

यादवरावांना आधी हायसं वाटलं. मग टपरीवरची सगळी मतं त्यांना आठवली. राजाची सवारी, कंपनीने सोडलेली चाल, परकी वाट. एवढी मोठमोठी मतं, आणि त्यांच्या मुळाशी चार बोटं कमी पडलेली टाच. आणि त्या मतांना भारदस्त शब्द त्यांनी पुरवले होते.

"मला शिकवशील?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"एका पायावर थांबायला."

विकीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग किल्ली घेतली. शोरूमच्या मागे सर्व्हिसिंगच्या अंगणात मेकॅनिक लोक काम करत होते; तिथेच त्याने गाडी आणली. यादवरावांना वाटलं होतं आडोसा मिळेल. मिळाला नाही. पाना घेतलेली माणसं हात थांबवून बघू लागली.

"सावकाश यायचं. ब्रेक. बूड सरकवा. डावा पाय. उजवा वरच ठेवा. उजवा विसरायचाच!"

पहिल्यांदा त्यांचा उजवा पाय खाली आलाच, आणि विकीने गाडी धरली म्हणून ती वाचली. दुसऱ्यांदा बूड सरकलं नाही. मेकॅनिकांतला एक जण म्हणाला, "काकांना डाव्या बाजूला खुर्ची ठेवा." यादवराव लाजले, पण पुन्हा फेरी मारली. मग एकदा कधीतरी डावा पाय आपोआप पूर्ण टेकला, उजवा ब्रेकवर राहिला आणि गाडी भिंतीला सायकल टेकवावी तशी शांत उभी राहिली. यादवराव तिरके, लंगडी घातल्यासारखे. त्यांना ते विचित्र वाटत होतं, पण ते पडले नव्हते.

"झालं," विकी म्हणाला. "एवढंच आहे काका. माझ्या बायकोची उंची तुमच्याहून कमी. ती चालवते."

"सीट खाली घेता येते?"

"एक बारकी सीट येते, कंपनीचीच. बोटभर खाली. आणि तुमचा लेख दाखवून रद्द केलेलं त्या भोईर मॅडमचं बुकिंग म्हणत असाल तर दिवाळीपर्यंत जुन्याच भावात मी ते परत उभं करून देऊ शकतो. त्यानंतर माझ्या हातात नाही."

संध्याकाळी यादवराव टेबलाशी बसले. पहिल्या मसुद्यात त्यांनी लिहिलं, 'माझ्याप्रमाणेच मंडळातील इतर काही जणही...' आणि थांबले. इतरांच्या गर्दीत उभं राहिलं की आपण झाकले जातो, हे त्यांना ग्रंथालयाच्या कपाटांमागे उभं राहूनच कळलं होतं. ते वाक्य त्यांनी खोडलं. या वेळचं खोडणं वेगळं होतं.

शेवटी पत्र असं झालं:

'चि. हेमालीस, अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मला श्रावणातच मिळालं. त्याच दिवशी वाचलं. तळ्यावर मी कागदांत बघतो म्हणालो ते खोटं होतं. तुझ्या लिहिण्यात काहीही चुकलेलं नव्हतं. जे विचारायला हवं होतं तेवढंच तू विचारलंस, म्हणून मला उत्तर देता आलं नाही.

माझा तोल उभं राहताना गेला. वेगात नाही, वळणावर नाही. शोरूममध्ये एकच पाय टेकायला सांगितलं होतं. मी दोन्ही टाकायला गेलो आणि पडलो. गाडीचा दोष नव्हता. खड्ड्यांच्या रस्त्यावर ती इतकी छान चालली की मी एकटाच हसत होतो. हे मी लेखात लिहायला हवं होतं. लाजेने लिहिलं नाही.

आज मी पुन्हा बसलो. तुझ्या उंचीला जमेल, पण चार दिवस सराव कर, आणि सुरुवातीला कुणीतरी शेजारी असू दे. सीट थोडी खाली घेता येते. बुकिंग दिवाळीपर्यंत त्याच भावात परत होईल, शोरूममध्ये विकीला भेट. घ्यायची की नाही हे तू बसून ठरव, माझ्या किंवा कुणाच्या म्हणण्यावर नको.

पुढच्या "किक"मध्ये पहिल्या पानावर हेच छापणार आहे. वडिलांना नमस्कार. तुझ्या पाठीला झालेल्या त्रासाबद्दल मी तुझी क्षमा मागतो. यादव रोकडे.'

बकुळाबाईंनी चष्मा लावून पत्र वाचलं. "आशीर्वाद जरा जास्त झालेत," त्या म्हणाल्या. "बाकी ठीक."

यादवरावांनी पाकिटावर पत्ता लिहिला, तिकीट चिकटवलं आणि चपला घातल्या. नाक्यावर ओमकार गाडी लावून फोनवर बोलत उभा होता. "काय सर, नवीन काही लिहिलंत वाटतं? आता कुणाला लोळवलं?"

"मला," यादवराव म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच लहान होता. ओमकारला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. तो फोन कानाला लावून हसतच होता. अंक निघाला की त्याला कळणारच होतं, आणि भूपेशला, आणि लडकूला. पुढचे कितीतरी रविवार चहा आपल्याच खिशातून जाणार, हे यादवरावांना दिसत होतं, आणि त्या विचाराने त्यांचे कान अजूनही तापत होते.

लाल पेटीचं तोंड गंजून अरुंद झालं होतं. पाकीट अर्ध्यावर अडकलं. बाहेर राहिलेल्या अर्ध्यावर स्वतःचं अक्षर बघत यादवराव क्षणभर थांबले, मग त्यांनी दोन बोटांनी ते आत ढकललं.